उरलेली चाळीस पावलं

रामलाल नाईक तांडा,
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ.
फाल्गुन महिना, बुधवार.

माझ्या पाठची बहीण सुखीबाई हिले मानीबाईचा रामराम पोचावा. सेवाभायाच्या दयेनं इकडे सारे धडधाकट आहेत, एक म्हैस सोडून, अन् तिचंबी नखरेच जास्त आहेत. तिकडे तुझ्या डोळ्यावरची पट्टी सुटली का? डॉक्टरनं चुलीपुढं बसू नको म्हटलं असंल तं बसू नको. पण तुमच्या नागपूरच्या घरात चूल आहेच कुठं, म्हणून मी निर्धास्त आहे. गुडघ्याले करडीचं तेल लाव, टीव्हीवर दाखवतात ते नको. मी स्वतः बरी आहे. दात चार राह्यले आहेत पण चारही कामाचे आहेत.

तू म्हणशील, फोन असताना हिनं पत्र कायले लिहिलं. तं फोनवर तू मले बोलू देत नाहीस. मी एक सांगायले जाते अन् तू तुमच्या सोसायटीच्या लिफ्टवर येतेस. पत्रात तुले मधात बोलता येत नाही, हे मले या वयात सुचलं. आपली बोली मले लिहिता येत नाही अन् तुझ्या नातवाले वाचता येत नाही, म्हणून मराठीत लिहून राह्यली. दुसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं आलं तेवढ्यावर तिसरा दिवस चालू आहे. (पियुष बाबू, हे पत्र तूच वाचून दाखवशील हे मले ठाऊक आहे. हळू वाच. अशा दोन वाकड्या रेघांच्या मधात जे लिहिलं ते तुझ्यासाठी आहे, ते मनातल्या मनात वाच. ही सोय असते हे मले आमच्या अंजूनं सांगतलं. लय चांगली सोय आहे, आधी माहीत असती तं माझी अर्धी भांडणं वाचली असती.)

पत्राचं कारण आनंदाचं आहे. सुखे, माझे पाय सरकारच्या नकाशात उमटले. खोटं नाही सांगत. मी जिथं जिथं पाय ठेवला तिथं तिथं यंत्रात निळा ठिपका पडला, अन् ते ठिपके आता दिल्ली-मुंबईले दिसतात म्हणे. आपल्या सात पिढ्या बैलांवर माल लादून मुलूखभर चालल्या, कोणाच्या पायाची कोणी नोंद घेतली नाही. माझी घेतली. मी त्या दिवशी चुलीवरून दूध उतू गेलं तरी कोणावर चिडली नाही.

आता मुळापासून सांगते. तुले माहीतच आहे, आमचा तांडा कागदावर गाव नाही. साठ घरं, तीनशेच्या वर माणसं, पण कागदावर आम्ही नाल्यापलीकडच्या सावरधऱ्याचे. शाळा पलीकडे. नाल्याले पाणी आलं की पोरं इकडे अन् मास्तर तिकडे, दोघं एकमेकाले हात दाखवतात अन् घरी जातात. असे पावसाळ्याचे दोन महिने. माझ्या पोराची, शामची अंजू तिसरीत आहे, पण नाल्यानं खाल्लेले दिवस वजा केले तं ती अजून दुसरीतच आहे. (माझी बी दुसरीच झाली. दुसऱ्या तांड्यावर, दुसऱ्या नाल्यापायी. पण ते जाऊ दे.) तं या वर्षी तालुक्याच्या साहेबांनी ग्रामसभेत सांगतलं, की ज्या तांड्याची शीव नकाशात बसंल त्याचं वेगळं गाव करता येईल, अन् वेगळं गाव झालं की शाळा अलीकडे मागता येईल. मुदत होळीनंतर चौथ्या दिवसापर्यंत. मग यंत्र बंद. पुन्हा कधी उघडंल हे साहेबालेबी ठाऊक नाही, त्यानं तसं कबूल केलं, माणूस चांगला आहे.

शीव बसवून द्यायले एक पोरगी आली, सलोनी नाव. उन्हाची टोपी, पाठीवर पिशवी, हातात पाटीएवढं यंत्र. तिची कंपनी नागपूरची. सरकारच्या खात्यांसाठी नकाशाची अन् माहितीची यंत्रं बनवते. जंगलवाल्यायले झाडं मोजायचं वेगळं, पाणीवाल्यायले विहिरी मोजायचं वेगळं, आमच्यासारख्यांची शीव मोजायचं वेगळं. ज्याचं जसं अंग तसं शिवून देतात. पोरीले वाटलं मले हे समजणार नाही, म्हणून ती तीनदा सांगून राह्यली. मी म्हटलं, पोरी, मी जन्मभर काचळ्या शिवल्या. एकीच्या मापाची दुसरीले बसत नाही, हे तू मले कायले सांगतेस? तेव्हापासून आमचं जमलं.

आमच्यासाठी जे शिवलं होतं त्याचे नियम असे. शीव बोटानं काढायची नाही, चालून काढायची. तांड्यातलं जाणतं माणूस यंत्र हातात धरून चालंल, यंत्र पावलामागं ठिपका टाकंल, ठिपक्यायची रेघ होईल. निघताना त्या माणसाचा फोटो, पोचल्यावर त्याच माणसाचा फोटो. जास्तीचं चाललं तं पुसता येते, पण न चाललेलं जोडता येत नाही. मले हा नियम लय आवडला. मी सलोनीले म्हटलं, ज्यानं कोणी हा नियम केला त्याले आपल्या लोकायची पारख आहे.

पहिल्या दिवशी अर्थातच डोंगरसिंग चालला. नाईक तो, अन् नात्यानं माझा चुलत दीर, त्याच्या आधी कोण चालणार? नवीन पागोटं बांधलं, फोटो दिला, अन् निघाला. निघाला तो आधी आपल्या हरभऱ्यात डुकरं शिरली का ते पाहायले गेला. मग साळ्याच्या वावरात बसून विडी ओढली. मग ऊन चढलं म्हणून मसणवट सोडून आडवाटेनं परत आला. सलोनीनं रेघ दाखवली तं तांडा बकरीच्या मागच्या पायासारखा झालता. साळ्याचं वावर आत अन् आमची मसणवट बाहेर. मी म्हटलं, नाईक, मेल्यावर आम्ही तुमच्या साळ्याच्या वावरात जायचं का? तो म्हणे, वहिनी, यंत्रच वाकडं आहे. सलोनी म्हणे, काका, यंत्र तुमच्या मागं मागं चाललं हो. साऱ्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या, अन् माझं नाव पुढं आलं. यायलेच पाहिजे होतं. माणसं रस्त्यानं जातात. शिवेनं हिंडतो आपण बाया, सरपणाले, मोह्याले, हरवलेल्या बकरीमागं. पंचावन्न वर्षं मी तिथून हिंडली आहे, कोणत्या दगडापाशी आमचं संपते हे माझ्या टाचेले कळते.

सकाळी सातले निघालो. मंदिरापुढच्या कडूनिंबाखाली माझा फोटो झाला. सलोनी म्हणे, आजी हसू नका, यंत्राले चेहरा ओळखायचा आहे. आता साठ घरं समोर उभी, ढोलकी वाजून राह्यली, कसं नाही हसणार? पाच फोटो झाले तेव्हा एक जमला. यंत्राले ऊन लागू नये म्हणून मी ते ओढणीत गुंडाळलं, ते बोलायले लागलं की उघडायची. टेकडीवर पळस पेटलाच होता. मी सलोनीले एकेक दाखवत गेली, हा दगड आमचा, ते वारूळ दोघायचं, ही कपार कोणाचीच नाही. ती पोरगी लिहून घेत होती. तिच्या बुटात कुसळं शिरली, ती एका ठिकाणी बसली, मी काढून दिली, तिथं नकाशात गाठ पडली आहे. आणखी दोन गाठी आहेत, त्या कशाच्या हे मी लिहीत नाही, पण शीव लांब आहे अन् मी म्हातारी आहे.

किसनरावाच्या धुऱ्यावर, बांधाच्या टोकाले इंदुताई उभीच होती. सावरधऱ्याची माणसं, पण वावर आमच्या शिवेले लागून. ती म्हणे, मानीबाई, चहा ठेवला आहे, अशा कशा जाता? आम्ही दोघी एकाच सालच्या सुना, नाही म्हणता येत नाही. गेली यंत्रासकट. बशीत चहा ओतला, इकडचं तिकडचं बोललो, तिच्या सुनेचं बोललो, माझ्या सुनेचं बोललो, यंत्र मांडीवर आपलं काम करून राह्यलं. तेवढ्यात किसनराव आले, यंत्रात डोकावले, अन् चेहराच उतरला बिचाऱ्याचा. म्हणे, मानीबाई, माझा गोठा तुमच्या तांड्यात गेला काय वं? इंदुताई म्हणे, गोठाच गेला ना? तुम्हीबी जा. तिथं बाया शीव मोजून राह्यल्या, तुमचा अजून एक धुरा मोजणं झाला नाही. सलोनीनं तिथल्या तिथं गोठा पुसून दिला तेव्हा किसनरावानं चहा घेतला.

असं करत करत दुपारी आम्ही विहिरीपाशी पोचलो. तिथून कडूनिंब चाळीस पावलं. मधात तांड्यात यायची वाट. कडूनिंबाखाली सारा तांडा उभा, नाईकाच्या हातात नारळ, पोरं उड्या मारून राह्यली. मी थांबली. यंत्र सलोनीच्या हातात दिलं. म्हटलं, झालं.

ती म्हणे, आजी, अजून तेवढंच राह्यलं. मी म्हटलं, ते तसंच राहील. ते दार आहे.

यंत्रात लाल अक्षरं आली: हद्द अपूर्ण आहे, सुरुवातीच्या ठिकाणी परत या. पोरीनं चारदा बटण दाबलं, चारदा लाल. नाईक तावातावानं आला. आधी त्याले वाटलं मी थकली. म्हणे, वहिनी, खाट आणतो, खाटेवर बसून चला, यंत्राले चालंल का? सलोनी म्हणे, चालंल. मी म्हटलं, मले नाही चालणार. मग त्यानं यंत्र हिसकून घेतलं अन् चाळीस पावलं स्वतः चालला. शेवटी फोटो काढला तं यंत्र म्हणे, चेहरा जुळत नाही. पुन्हा चालला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, सुखे, त्यानं सुनेची ओढणी डोक्यावर घेतली. तांड्याचा नाईक, एवढ्या मिश्या, अन् डोक्यावर आरशांची ओढणी. यंत्र त्यालेबी फसलं नाही. कोणी हसलं नाही मात्र. त्याचे डोळे भरले होते. म्हणे, वहिनी, साठ घरायची शाळा तुमच्या चाळीस पावलांत अडकली, काहून करता असं? मी वळली. घरी गेली तं पुष्पानं, माझ्या सुनेनं, आशाताईले बोलावून माझं बीपी मोजलं. बीपी चांगलं निघालं, त्याचंच तिले जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सलोनीनं कंपनीत फोन लावला, सगळ्यायले ऐकू येईल असा. म्हणे, सर, एक आजी आहेत, त्या हद्द बंद करायले तयार नाहीत, काही करता येईल का? तिकडून आवाज आला, आजींना नीट समजावा. मी तो आवाज ऐकला अन् उभीच राह्यली. अगं, मी ज्याच्या तोंडात पहिला घास दिला त्याचा आवाज मले नाही कळणार? मी फोन घेतला, म्हटलं, बाबू, मी मानीआजी. तिकडे खुर्ची सरकली. मग म्हणे, आजी, नमस्कार करतो, तुम्ही तिथं कशा? म्हटलं, मी इथंच असते रे, तूच कुठं असतोस. सुखे, ज्याले लोकायची पारख आहे असं मी म्हटलं होतं, तो नियम करणारा आपला पियुषच निघाला! मी साऱ्या तांड्याले ओरडून सांगतलं, हे यंत्र आपल्या घरचं आहे. नाईक म्हणे, मग आपल्याच घरचं यंत्र आपल्यालेच नाही काहून म्हणते?

पियुषनं मले लय सभ्यपणानं समजावलं. (बाबू, तू चिडला नाहीस, ते मी ध्यानात ठेवलं आहे.) म्हणे, आजी, रेघ मिळाली नाही तं जमीन किती ते काढता येत नाही. मी म्हटलं, का बरं? जमीन त्या चाळीस पावलांतून वाहून जाते का? तो हसला. मग म्हणे, तसं नाही आजी, रेघ मिळाल्याशिवाय आत काय अन् बाहेर काय, हे यंत्राले कळत नाही.

मी फोन सलोनीच्या हातात दिला अन् घरी आली. पोराचं बरोबर आहे. रेघ मिळाली की आत होते, अन् बाहेर होते. मी त्याच्यापायीच थांबली होती, अन् ते कोणाले सांगताबी येत नव्हतं. आता तुले सांगते. हे मी सहासष्ट वर्षं तुले सांगतलं नाही. याडीनं (बाबू, याडी म्हणजे आमची आई, अन् बापू म्हणजे वडील) शपथ घातली होती की सुखीले सांगू नको. याडी गेली, शपथ देणारं कोणी राह्यलं नाही, अन् तू बी आता लहान नाहीस.

तुले माहीत आहे की बापू पांढरकवड्याच्या बाजारात तापानं गेले. ते बाजारात नाही गेले, सुखे.

मी सात वर्षांची होती, तू झोळीत. तांड्यावर बैलांचा रोग आला होता. रोज दोन-तीन बैल आडवे पडत. भगत म्हणे तांडा बांधायचा. बांधायचा म्हणजे दुधात भिजवलेलं सूत तांड्याभोवती फिरवायचं, टोकाले टोक मिळवायचं, अन् तीन दिवस त्या सुताच्या आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. त्याच पूजेचे नारळ आणायले बापू बाजारात गेलते. सारे त्यायची वाट पाहू म्हणत होते, पण दुपारपर्यंत अजून तीन बैल गेले, मग भगतानं सूत मिळवलं. बापू उन्हं उतरताना आले. डोक्यावर नारळाची पिशवी, अंगात ताप. सुताच्या बाहेर मोहाच्या झाडाखाली बसले. त्यायनंबी सूत ओलांडलं नाही. तिथल्या नाईकानं म्हटलं असतं तरी ओलांडलं नसतं, बैल सगळ्यायचे होते. याडी आतून, बापू बाहेरून, मधात एवढंच अंतर की बोललेलं ऐकू येत होतं. याडी भाकर फेकायची, ती पोचायची. पाणी फेकता येत नाही. एका भोपळ्याच्या तुंब्यात भरून माझ्या हातानं घरंगळत सोडलं, ते अर्धं सांडत गेलं. दुसऱ्या दिवशी बापूनं हातानं खूण केली, लहानीले दाखव. याडीनं तुले झोळीतून काढलं अन् दोन्ही हातानं वर धरलं. तू रडली नाहीस. तिसऱ्या दिवशी सूत तोडलं, माणसं पळत गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

(पियुष, इथं थांब. आजीले पाणी दे. तिनं काही विचारलं तं सांग की मानीआजीनं एवढंच लिहिलं आहे. मग पुढचं वाच.)

भगत वाईट नव्हता. लोकंबी नव्हते. बैल मात्र वाचले, ते मी पाह्यलं आहे, म्हणून मले कोणाले दोष देता येत नाही. पण त्यानंतर याडीनं मले एकच गोष्ट शिकवली, की जिथं माणसं राहतात त्याच्याभोवती काही फिरवलं तं पुरं मिळवू नको, दार ठेव. काट्याचं कुंपण असो, उंदरांसाठी राखेची रेघ असो, ओढणीच्या किनारीचं शिवण असो. मी इकडे नांदायले आली तेव्हापासून तेच करते. माझ्या सुनेलेबी तीच सवय, तिले कारण माहीत नाही. तं आता सांग, अशा बाईच्या हातात यंत्र देऊन तिले म्हणायचं की गोल पुरा कर. माझे पाय विहिरीपाशी आपोआप थांबले. मी थांबवले नाहीत.

एवढंच लिहायचं होतं. लय झालं. सलोनी उद्या नागपूरले जाते, तिच्याच हाती पत्र देते, म्हणजे पियुषले ते कंपनीतच मिळंल. त्यानं तिथं उघडू नये, घरी नेऊन तुझ्यापुढं वाचावं. सर्वांले आशीर्वाद, अन् तुझ्या सुनेले सांग की लिफ्ट बंद असंल तेव्हा चढू नको.

तुझी,
मानीबाई

ता. क. पियुषसाठी, पण मोठ्यानं वाचला तरी चालंल. बाबू, तुम्ही मापानं शिवून देता ना? तं त्या यंत्रात एक दार शिवता येईल का, पाहा. बाकी शीव निळी, अन् जिथं वाट आत येते तेवढी जागा वेगळ्या रंगाची. तुले मोजायले बंद, आम्हाले यायले उघडी. सलोनी म्हणते करता येईल, पण साहेबायची परवानगी लागते अन् त्याले दोन महिने लागतात. होळी मंगळवारी आहे. म्हणजे आमच्यापुरतं ते होत नाही. तरी कर. कुठल्या तरी तांड्यावर, नाही तं कोलामांच्या वस्तीवर, पोडावर, दुसरी कोणी म्हातारी अशीच विहिरीपाशी उभी असंल.

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. काल अंजू माझ्याजवळ येऊन बसली. ती भांडली नाही. फक्त विचारलं, आजी, तुले भीती वाटते का कोणी बाहेर राहील म्हणून? मग सगळ्यायले आधी आत बोलाव ना. आठ वर्षांची पोर. मी उठून डोंगरसिंगाकडे गेली अन् जे तुले लिहिलं ते त्याले सांगतलं. तो पागोटं काढून बसला. मग त्यानं वही काढली. होळीले तसेही सारे परत येतात. कारखान्यावर गेलेले, हैदराबादले गेलेले, सासरी गेलेल्या पोरी. त्यानं एकेक नाव लिहिलं, एकेकाले फोन लावला. कोणी येत नाही म्हटलं तं म्हणे, तू आला नाहीस तं वहिनी चालत नाही, अन् वहिनी चालली नाही तं शाळा नाही. सगळे येऊन राह्यले. सलोनीबी तोवर यंत्र घेऊन परत येते, राह्यलेली रेघ त्यात तशीच आहे. मंगळवारी सकाळी साऱ्यायले कडूनिंबाखाली उभं करायचं, नाव घेऊन मोजायचं, अन् सारे आत आहेत असं दिसलं की मी ती चाळीस पावलं चालणार.

वहीतले सारे येतात. पण माझं एक माणूस वहीत नाही. डोंगरसिंग म्हणे, सुखीबाई आपल्या तांड्याची नाही, तिचं नाव कसं लिहू? मी म्हटलं, वही तुमची आहे, पाय माझे आहेत. मग त्यानं लिहिलं.

तं सुखे, तू ये. अकरा वर्षं झाली. शामच्या लग्नात गाणं म्हणताना मी सगळ्या सोयऱ्यायची नावं घेतली अन् तुझं राह्यलं, म्हणून तू जेवल्याबिगर गेलीस. मी आजपर्यंत सांगत आली की नाव घेतलं होतं, बँडमुळं तुले ऐकू आलं नाही. नव्हतं घेतलं. चुकली. माझ्या ध्यानातून गेलं, अन् ते कबूल करायची लाज वाटली, एवढंच खरं. आता कबूल केलं, तेबी तुझ्या नातवाच्या तोंडानं. अजून काय पाहिजे तुले?

(बाबू, सोमवारची सुट्टी काढ. डोळ्याचं निमित्त सांगंल, गुडघ्याचं सांगंल, ऐकू नको. गाडीत पुढच्या सीटवर बसव. तू बी उतर, तू बी मोजला गेला आहेस.)

ता. क. सोमवारी अंधार पडायच्या आत या. नाल्यात पाणी नाही, गाडी तांड्यापर्यंत येते. विहिरीपाशी कोणी भेटलं, बोलायले थांबवलं, तं गाडीतूनच रामराम कर. उतरू नको, आधी आत ये.